आधी प्रश्न, मग पुस्तक: जालावरची जुनी मराठी पुस्तके शोधावी कशी, वाचावी कशी

जुनी मराठी पुस्तके जालावर फुकट मिळतात हे आता पुष्कळांना ठाऊक आहे. कुणीतरी दुवा पाठवतो, आपण पंधरा-वीस पीडीएफ उतरवून घेतो आणि त्या फोनमध्ये तशाच पडून राहतात. याचे कारण आळस नव्हे. एवढा ढीग समोर आल्यावर हात कुठे घालावा हेच कळत नाही. एखादे पान उघडावे तर ‘ह्मणून’, ‘नाहीं’, ‘शके १८१८’ असले काहीतरी दिसते आणि नवा वाचक बिचकतो. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याला माझा सल्ला आहे की आधी पुस्तक शोधू नका, प्रश्न शोधा. प्रश्न नेमका असला की तो तुम्हाला एका पुस्तकातून दुसऱ्यात घेऊन जातो. वाटेत विज्ञान, इतिहास आणि साहित्य यांच्यातल्या भिंती आपोआप मागे पडतात.

प्रश्न कसा असावा

‘मला इतिहास वाचायचा आहे’ हा प्रश्न नव्हे. प्रश्न घरातला, गावातला, डोळ्यांनी पाहिलेला असावा. एक घेऊ. काही वर्षी कोकणातल्या काही घरांत गणपती इतरांच्या महिनाभर आधी बसतात. विचारले तर उत्तर मिळते, ‘आमच्याकडे टिळक पंचांग आहे.’ आकाशात चंद्र एकच असताना दोन पंचांगांत एका महिन्याचा फरक का पडावा?

पहिला थांबा मराठी विश्वकोश. वाईहून निघालेल्या या कोशाचा पहिला खंड १९७६ साली आला आणि त्यातल्या नोंदी आज जालावर मोकळ्या आहेत. पंचांग, अयनांश, अधिक मास या नोंदी वाचल्या की विषयाचा आराखडा समजतो. तिथून शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या १८९६ च्या ग्रंथाकडे वळायचे. दीक्षित दापोलीजवळच्या मुरूडचे, पेशाने शिक्षक, जेमतेम ४४ वर्षे जगले. वेदकाळापासून स्वतःच्या काळापर्यंत भारतीयांनी आकाश कसे मोजले याचा इतका नेटका इतिहास त्यांनी मराठीत लिहिला की पुढे भारत सरकारला त्याचे इंग्रजी भाषांतर करून घ्यावे लागले. मला हा ग्रंथ मराठीतल्या थोर ग्रंथांपैकी एक वाटतो, आणि तो फुकट वाचता येतो ही गोष्ट मी भेटेल त्याला सांगत असतो.

आपल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात असे. राशिचक्राची सुरुवात आकाशात कुठून धरायची यावर दोन पक्ष आहेत. केरो लक्ष्मण छत्रे यांनी रेवती नक्षत्रातला एक मंद तारा, झीटा पिशियम, आरंभाचा धरला. टिळक पंचांग याच परंपरेतले. दुसरा पक्ष चित्रा ताऱ्याच्या बरोबर समोरचा बिंदू धरतो. व्यंकटेश बापूजी केतकरांनी त्याची बाजू मांडली. दोन्ही आरंभांत सुमारे चार अंशांचे अंतर आहे. सूर्य दिवसाला साधारण एक अंश सरकतो, म्हणून दोन्हींच्या संक्रांती (सूर्याचे एका राशीतून दुसरीत जाणे) चार-एक दिवसांच्या अंतराने येतात. ज्या चांद्रमासात संक्रांत येत नाही तो अधिक मास. त्यामुळे काही वर्षी एका पंचांगात एक महिना अधिक ठरतो आणि दुसऱ्यात दुसराच. मग सण महिन्याने हलतात.

आता पुढचा प्रश्न: पंचांग छापले कधी जाऊ लागले? मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८४१ साली शिळाछापावर (दगडावर अक्षरे उमटवून) पहिले मराठी पंचांग छापले. लोक तोवर हाताने लिहिलेल्या प्रती वापरत. गणपत कृष्णाजींच्या छापखान्याची हकीकत गोविंद नारायण माडगावकरांच्या ‘मुंबईचे वर्णन’ या १८६३ च्या पुस्तकात मिळते. म्हणजे सुरुवात गणपतीच्या तारखेपासून झाली आणि आपण येऊन पोचलो दीडशे वर्षांपूर्वीच्या मुंबईच्या रस्त्यावर. माडगावकर मूळचे गोव्यातल्या मडगावचे. परक्या ठिकाणाहून आलेल्या माणसाचे कुतूहल त्यांच्या पानापानांत आहे. इथून पुढे कुणाला छापखाने ओढतील, कुणाला शहर. जिकडे मन जाईल तिकडे जा.

कुठे शोधायचे

ठिकाणे पुष्कळ आहेत. नव्या वाचकाला चार पुरेत.

सर्वांत मोठा साठा इंटरनेट आर्काइव्हवर आहे. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पात देशभरच्या ग्रंथालयांतली पुस्तके स्कॅन झाली आणि त्यांतली मराठी पुस्तके मोठ्या संख्येने आर्काइव्हवर आली. तिथे खाते न काढताही वाचता आणि उतरवता येते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने (स्थापना १९६०, पहिले अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी) आपली शेकडो प्रकाशने संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात ठेवली आहेत. ती स्वच्छ असतात, पाने गहाळ नसतात, म्हणून अगदी पहिले पुस्तक इथून घ्यावे. राज्य मराठी विकास संस्थेच्या संकेतस्थळावर दोलामुद्रिते, म्हणजे १८६७ पूर्वी छापलेली मराठी पुस्तके पाहता येतात. चौथे ठिकाण मराठी विकिस्रोत. तिथे पुस्तके पानाच्या चित्राबरोबर टंकलिखित मजकुरातही असतात, त्यामुळे शब्द शोधता येतो, अक्षर मोठे करता येते. ज्यांना डोळ्यांचा त्रास आहे किंवा जे फोनला वाचून दाखवायला सांगतात त्यांच्यासाठी ही सोय फार मोलाची आहे.

शिवाय केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२० च्या दशकात २३ खंडांत उभा केलेला हा कोश युनिकोडमध्ये जालावर आहे. त्याचा उपयोग कसा करायचा ते पुढे सांगतो.

शोधायचे कसे

नवखे बहुतेक इथेच हरतात. पुस्तक असते, पण सापडत नाही.

आर्काइव्हवरच्या जुन्या स्कॅनांची नावे बहुधा रोमन लिपीत आहेत आणि ती ज्याने जशी जमली तशी लिहिली आहेत. ‘ज्ञानेश्वरी’ची सुरुवात कुठे डी-एन, कुठे जे-एन, तर कुठे जी-वाय या अक्षरांनी होते. शेवटचा ‘अ’ कुणी लिहितो, कुणी सोडतो. ‘श’ला कधी एस-एच, कधी नुसता एस. म्हणून देवनागरीत एकदा शोधून ‘नाही’ असे ठरवू नका. देवनागरी, मग रोमनची दोन-तीन रूपे, मग फक्त लेखकाचे आडनाव, मग शीर्षकातला सर्वांत वेगळा असा एकच शब्द, या क्रमाने जा. ‘मराठी’, ‘इतिहास’, ‘भाग’ हे शब्द हजारो नावांत असतात. ते टाकून काही हाती लागत नाही. ‘रियासत’ टाका, ‘साधने’ टाका. बाजूच्या रकान्यात भाषा मराठी अशी निवडली की गर्दी कमी होते, पण काही मराठी पुस्तके चुकून हिंदी किंवा संस्कृतात नोंदलेली असतात, हेही ध्यानात असू द्या.

देवनागरीत शोधताना जुने लेखन आठवावे लागते. आजचे नियम मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली ठरवले आणि १९७२ साली त्यांत भर घातली. त्याआधीच्या पुस्तकांत ‘पुस्तकें’, ‘साधनें’, ‘कांहीं’, ‘माडगांवकर’ असे अनुस्वार असतात. एकोणिसाव्या शतकात ‘म्हणून’ हा शब्द ‘ह्मणून’ आणि ‘आम्ही’ हा ‘आह्मी’ असा छापलेला दिसतो. विसाव्या शतकाच्या मधल्या काही पुस्तकांत सावरकरी लिपिसुधारणेप्रमाणे ‘अितिहास’, ‘अुपयोग’ अशी रूपे येतात. शोधखिडकीला हे काहीच माहीत नसते. तिच्यासाठी ‘इतिहास’ आणि ‘अितिहास’ हे वेगवेगळे शब्द आहेत.

आणखी एक अडचण खंडांची. अनेक भागांच्या ग्रंथाचे सगळे खंड एकाच नावाने नोंदलेले असतात, कोणता कितवा ते आत पान उघडल्याशिवाय कळत नाही. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड आहेत, ते असेच विखुरलेले सापडतात. प्रत्येक खंड उघडून त्याचा क्रमांक आणि आर्काइव्हवरचा ओळखक्रमांक वहीत लिहून ठेवा. एका संध्याकाळचे हे काम पुढे फार वेळ वाचवते.

गोव्याच्या वाचकांसाठी एक खास सूचना. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर इथे छापले गेले ते रोमन लिपीत, आणि मंगळूरची १९०७ ची आवृत्तीही रोमनच आहे. ज्ञानेश्वरीच्या ओवीत रमलेली ही मराठी रोमन अक्षरांत वाचताना पहिली पाच पाने जड जातात. मोठ्याने वाचा, मग लय आपोआप सापडते.

आणि जे पुस्तक अस्तित्वात होते की नाही हेच माहीत नाही, ते कसे शोधणार? त्यासाठी शंकर गणेश दात्यांची ‘मराठी ग्रंथसूची’ आहे. १८०० ते १९३७ या काळात छापलेल्या मराठी पुस्तकांची ही विषयवार यादी १९४३ साली निघाली. एका माणसाने ध्यास घेऊन केलेले हे काम आहे. शेती, स्वयंपाक, रसायन, व्यायाम, प्रवास, कोणताही विषय काढा. कुणी, कधी, कुठे छापले ते मिळते. मोठ्या ग्रंथालयात ती असतेच. निम्मा तास ती चाळली की मराठीत काय काय लिहिले गेले याचा अंदाज येऊन छाती भरून येते.

उतरवण्यापूर्वी पाच मिनिटे

मुखपृष्ठ पाहून पुस्तक उतरवू नका. आतले पहिले पान उघडून आवृत्ती, साल, छापखाना आणि संपादक पाहा. नोंदीतले साल बऱ्याचदा चुकीचे असते. छापील पानावरचे खरे. अनुक्रमणिकेतला शेवटचा पृष्ठांक आणि स्कॅनमधले शेवटचे पान जुळते का ते बघा. मधली तीन-चार ठिकाणे उघडून पाने सलग आहेत याची खात्री करा. शुद्धिपत्र असेल तर तेच आधी वाचा. जुन्या छापखान्यांत खिळे जुळवताना चुका होत आणि लेखक त्या प्रामाणिकपणे शेवटी छापत. तारखा आणि आकडे यांच्या चुका तिथेच दुरुस्त केलेल्या असतात.

आवृत्तीला मी एवढे महत्त्व का देतो? विष्णुभट गोडसे वरसईकरांचा ‘माझा प्रवास’ पाहा. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक १८५७ साली उत्तरेत यज्ञ होणार, दक्षिणा मिळेल, या आशेने काकांबरोबर निघाले आणि थेट बंडाच्या धामधुमीत सापडले. इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा ते शहरात होते. पुढे १८८३ साली त्यांनी ही हकीकत लिहिली आणि १९०७ साली चिंतामण विनायक वैद्यांनी ती प्रसिद्ध केली. पण वैद्यांनी छापताना तिच्यात फेरफार केले होते. मूळ हस्तलिखितावरून तयार केलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी काढली ती १९६६ साली. दोन्ही ‘माझा प्रवास’च. गोष्ट म्हणून कोणतीही वाचा, रंगून जाल. पण ‘गोडसे भटजींनी असे लिहिले आहे’ असे कुठे सांगणार असाल तर कोणती प्रत हातात आहे हे माहीत हवे.

फुकट आणि मुक्त

जालावर सापडले म्हणजे वाटायला मोकळे, असे नाही. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून मोजून ६० वर्षे हक्क राहतो. सोपा हिशेब: मृत्यूच्या सालात ६१ मिळवा, त्या वर्षीच्या १ जानेवारीपासून लेखन मुक्त. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून २०११ पासून मुक्त. मर्ढेकर १९५६, म्हणून २०१७. रियासतकार सरदेसाई १९५९, म्हणून २०२०. खांडेकर १९७६ साली गेले, म्हणजे २०३७ पर्यंत थांबायचे. लेखकाच्या पश्चात प्रथम छापलेल्या लेखनाची ६० वर्षे प्रकाशनापासून मोजतात. भाषांतर, नवी प्रस्तावना, टिपा यांचा हक्क त्या त्या व्यक्तीचा स्वतंत्र असतो. आर्काइव्हवर हक्क न संपलेली पुस्तकेही चढलेली दिसतात. ती इतरांना पाठवत बसू नये, विकत घ्यावीत. परदेशात राहणाऱ्यांना तिथला कायदा लागू होतो.

भाषा अडली तर

पहिली दहा पाने अडखळणारच. त्यानंतर डोळा सरावतो. शब्दासाठी दोन कोश उघडे ठेवा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२ पासून) हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. एकोणिसाव्या शतकातल्या मजकुराला मोल्सवर्थ, कारण तो त्याच काळातल्या लोकांच्या तोंडचे शब्द टिपतो. पेशवाई पत्रांतल्या फारसी शब्दांसाठी दाते-कर्वे. शब्द सापडला नाही तर अनुस्वार काढून किंवा घालून, ऱ्हस्व-दीर्घ बदलून पाहा.

स्कॅनमधला मजकूर यंत्राने वाचून घ्यायचा असेल तर पान गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडा. स्वच्छ छापील देवनागरी ते बऱ्यापैकी ओळखते. शिळाछाप मात्र हस्ताक्षरासारखा असतो, तिथे आपल्याच डोळ्यांवर भिस्त.

मापेही वेळीच शिकून घ्या. घटका म्हणजे २४ मिनिटे, पळ म्हणजे २४ सेकंद, प्रहर तीन तासांचा. शेर आणि मण प्रांतोप्रांती वेगळे होते, त्यामुळे त्यांचे किलोत रूपांतर करण्याची घाई नको.

तारखांची गाठ सोडवणे

इतिहासाच्या साधनांत शिरणाऱ्याला याहून उपयोगी दुसरे काही नाही, म्हणून इथे जरा थांबू.

शकाचे साल दिले असेल तर ७८ मिळवा म्हणजे इसवी सन. पण शक चैत्रात बदलतो आणि इसवी सन जानेवारीत. म्हणून पौष, माघ, फाल्गुन या महिन्यांतली तारीख १ जानेवारीनंतरची असेल तर ७९ मिळवायचे. पानिपतची लढाई शके १६८२, पौष शुद्ध अष्टमीची. ७८ मिळवले तर १७६० येते, जे चूक. ७९ मिळवून १७६१, दिवस १४ जानेवारी, बुधवार.

‘राज्याभिषेक शक’ असे लिहिले असेल तर तो शिवाजी महाराजांच्या १६७४ मधल्या राज्याभिषेकापासून मोजायचा.

सर्वांत अनोळखी वाटते ते मराठ्यांच्या जुन्या पत्रांतले सुहूर सन. त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहितात आणि उलट क्रमाने, आधी एकम् मग दशक. इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९. दशके: अशर १०, अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०. मया म्हणजे १००, अलफ म्हणजे १०००. आता ‘इहिदे सितैन मया व अलफ’ वाचा: १ आणि ६० आणि १०० आणि १०००, एकूण ११६१. हे वर्ष सूर्य मृगात जातो तेव्हा सुरू होते. तेव्हापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे ११६१ हे १७६०-६१ चे वर्ष, पानिपतचेच. पत्राच्या शेवटी ‘छ ७’ असे दिसले तर ती मुसलमानी महिन्याची चांद्र तारीख असते. ही यादी कागदावर उतरवून पडद्याशेजारी चिकटवा. चार पत्रे वाचलीत की पाठ होईल.

ही तयारी झाली की वाचायचा क्रम असा ठेवा. एखाद्या घटनेवरचे सरदेसायांच्या ‘मराठी रियासती’तले प्रकरण आधी वाचा, कारण तिथे गोष्ट सलग आहे. मग ती ज्या पत्रांच्या आधारे सांगितली ती पत्रे शोधा. राजवाड्यांच्या साधनांत आणि इतर पत्रसंग्रहांत प्रत्येक पत्राला लेखांक असतो. लेखांक सापडला की पत्र सापडले. राजवाड्यांचा पहिला खंड १८९८ चा. त्यात १७५० ते १७६१ ची पत्रे आहेत आणि प्रस्तावनेत त्यांनी बखरींच्या विश्वसनीयतेची कसून झडती घेतली आहे. बखर कशी वाचावी हे शिकवणारे याहून चांगले पाठ्यपुस्तक मराठीत नाही. त्यांचा प्रत्येक निष्कर्ष आज टिकलेला नाही, पण कागदाला प्रश्न कसे विचारायचे ते तिथे शिकायला मिळते. मग बखर घ्या. ती वाचायला सर्वांत रसाळ असते, म्हणूनच तिला शेवटी ठेवावे.

साहित्याची एक वाट

कादंबऱ्या एकेकट्या न वाचता एकाच प्रश्नाभोवती सालवारीने वाचून बघा. मी नेहमी सुचवतो तो प्रश्न असा: विधवेच्या जगण्याबद्दल मराठी माणूस केव्हा, कसा बोलू लागला?

बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची. तीत ख्रिस्ती धर्मप्रसाराचा हेतू उघड आहे, कलाकृती म्हणून ती कच्ची आहे, तरी डोळ्यांसमोरचे दुःख तिने प्रथम कादंबरीत आणले. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहितात. सुरतेच्या एका तरुण विधवेला भ्रूणहत्येसाठी शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांनी सगळ्या बायकांनाच दूषणे दिली, त्या संतापातून हे पुस्तक निघाले. छोटे आहे, एका बैठकीत संपते आणि आजही अंगावर येते. मग हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ‘करमणूक’ साप्ताहिकात १८९० पासून क्रमशः आलेली, यमूने स्वतः सांगितलेली तिची कहाणी. मग रमाबाई रानड्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) आणि १९३४ पासून प्रसिद्ध झालेली लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. शेवटची दोन विधवेच्या प्रश्नावरची नाहीत, पण बाईने बाईचे आयुष्य स्वतःच्या तोंडाने सांगणे म्हणजे काय ते तिथे दिसते. पाचही या क्रमाने वाचलीत तर पाऊणशे वर्षांत मराठी वाक्य कसे सैल झाले, घरातले बोलणे कागदावर कसे उतरले, हे कुणी समजावून न देता कळेल.

जुने विज्ञान वाचताना

जुन्या विज्ञानपुस्तकात आजची माहिती शोधू नये. त्या काळच्या माणसाला काय माहीत होते आणि ते त्याने कसे ताडून पाहिले ते शोधावे. दीक्षितांच्या ग्रंथात प्लूटो नाही, कारण तो सापडला १९३० साली. केतकरांच्या ज्ञानकोशात अणूची नोंद काढली तर न्यूट्रॉन मिळणार नाही. त्याचा शोध १९३२ चा. म्हणून एक सराव करा. एकच विषय ज्ञानकोशात वाचा आणि लगेच विश्वकोशात. प्लेग, अणू, धूमकेतू, कापूस, काहीही. दोन नोंदींत जे बदलले ते पन्नास वर्षांत माणसाने शिकलेले. ज्ञानकोशात समाजाबद्दलची, जातींबद्दलची मतेही १९२० च्या दशकातली आहेत. ती त्या काळाची साक्ष म्हणून वाचावीत, आधार म्हणून नव्हे. आणि जुन्या वैद्यकाच्या पुस्तकांतली औषधे कुणी घरी करून घेऊ नयेत, हे स्पष्टच सांगतो.

लहान मुले घरात असतील तर दीक्षितांचेच ‘ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज’ घ्या. पुस्तक घेऊन गच्चीवर जा आणि त्यातल्या नक्षत्रांच्या वर्णनाबरोबर आकाश पाहा. ग्रहांच्या जागा बदलल्या, तारे तिथेच आहेत.

वही आणि विकिस्रोत

प्रत्येक पुस्तकासाठी वहीत चार ओळी पुरेत: लेखक, आवृत्तीचे साल, कुठे सापडले, आणि कोणत्या पानावर आपल्या प्रश्नाबद्दल काय मिळाले. फाइलला ‘लेखक-शीर्षक-साल’ असे नाव द्या, नाहीतर आकड्यांच्या लांबलचक नावांत ती हरवते.

एखादे पुस्तक आवडले आणि त्याचा हक्क संपलेला असेल तर विकिस्रोतावर त्याचे पान तपासून द्या. डावीकडे यंत्राने वाचलेला मजकूर असतो, उजवीकडे मूळ पानाचे चित्र. दोन्ही जुळवायचे, चुका दुरुस्त करायच्या. ‘नाहीं’ला ‘नाही’ करायचे नाही. मुळात आहे तसेच ठेवायचे. लाल खूण असलेले पान अजून कुणी तपासलेले नाही, पिवळे एकाने तपासलेले, हिरवे दुसऱ्यानेही पडताळलेले. सुरुवात पिवळ्या पानापासून करा, कारण तिथे आधीच्या माणसाचे काम समोर असते आणि पद्धत कळते. खाते काढून लेखनाच्या सूचनांचे पान एकदा वाचले की लगेच काम सुरू करता येते.